एसटीडी बूथवरची अक्का

बोलता बोलता अक्का उजव्या हाताच्या नखानं स्वतःच्या डाव्या बुबुळावर टकटक करायची, बंद दारावर करावी तशी. समोरचा माणूस दचकायचा. तो पुरता दचकला की अक्का म्हणायची, "बसला न्हवं धक्का? आता ऐका." तो डोळा काचेचा आहे असं ती सगळ्यांना सांगे. खरं तर तो प्लास्टिकचा होता. पण प्लास्टिक म्हटलं की बादली आठवते आणि काच म्हटलं की जरा मान राहतो, असं तिचं मत होतं.

बंगळुरात बनशंकरीच्या पुढं, जे. पी. नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं कॅन्सरचं इस्पितळ होतं आणि त्याच्या फाटकासमोर अक्काचा पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ. नव्वदीची सुरुवात होती. मोबाइल कुणी पाहिलेला नव्हता. इस्पितळात आलेल्या माणसाला घरी काही कळवायचं तर रस्ता ओलांडून अक्काकडेच यावं लागे. मी बेळगावची. शिक्षण संपवून समाजसेविकेच्या नोकरीवर तिथं नुकती रुजू झाले होते. पहिल्या दिवशी आईला फोन करायला बूथवर गेले, तर केबिनमधून बाहेर येताच अक्का मराठीत म्हणाली, "आईला म्हणालीस जेवण चांगलंय. खोटं कशाला बोलतीस? उद्या माझ्यातनं भाकरी घेऊन जा." मी म्हटलं, तुम्ही चोरून ऐकता की काय. "चोरून कशाला? लाइन खरखरती, लोकं वरडत्यात. कानाला काय झाकण लावू?" तेव्हापासून तिनं मला नावानं कधी हाक मारली नाही. मी कायमची बेळगाववाली झाले.

अक्का निपाणीकडची. लहानपणी, अजून नीट चालतही नव्हती तेव्हा, कंदिलाच्या उजेडात तिचा डावा डोळा मांजरासारखा चमकतो हे तिच्या आईनं पाहिलं. घरात कुणी त्याचं कौतुकही केलं असतं, पण त्या माउलीनं ती चमक आधी एकदा पाहिलेली होती. अक्काच्या थोरल्या भावाचा डोळा तसाच चमकायचा, आणि तो गेला होता. या वेळी आईनं कुणाला विचारलं नाही. सासरा, नवरा, गावचा देवऋषी, सगळ्यांना मागं ठेवून ती मुलीला कडेवर घेऊन मिरजेला गेली आणि डोळा काढून घेऊन आली. पुढं वर्षभर सासऱ्यानं तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. "माझ्या आईची हिंमत माझ्यात अर्धीच आली," अक्का म्हणायची, "बाकीची त्या डोळ्याबरूबर गेली." तिची अर्धी हिंमत आम्हाला झेपत नव्हती, म्हणून ही वाटणी बरी झाली असं मला वाटे.

गावात तिला काणी म्हणत. सकाळी सकाळी काणीचं तोंड बघू नये म्हणून बाया वाट बदलत. बंगळुरात आल्यावर ती बूथ उजाडता उजाडता उघडायची, आणि त्यात तिला वेगळाच आनंद होता. "आता बघा की. कुणाला मुलगा झाल्याचा फोन करायचाय, कुणाला नोकरी लागल्याचा, सगळ्यांना पहिलं माझं तोंड बघायला लागतंय."

बूथ मात्र तिच्या नावावर नव्हता. अपंगांसाठी बूथ मिळतात असं ऐकून ती सरकारी कचेरीत गेली होती. एक डोळा शाबूत असलेली व्यक्ती नियमात बसत नाही असं साहेबानं सांगितलं. अक्का त्याला म्हणाली, "लग्नाच्या बाजारात एक डोळा गेला की पोरगी बाद, आणि तुमच्या कागदावर मी धडधाकट. दोघांनी मिळून एकदा काय ते ठरवा." शेवटी अर्ज नवऱ्याच्या नावानं केला. दत्तूभाऊंचा एक पाय लहानपणी पोलिओनं गेला होता. ते शांत माणूस. कुबडी भिंतीला लावून बिलाच्या यंत्रापाशी बसत, हिशेब ठेवत आणि अक्का बोलत असेल तेव्हा छपराकडे बघत राहत.

आमचा विभाग इस्पितळात नवा होता. एकाच घराण्यात पुन्हा पुन्हा येणारा कॅन्सर कशामुळं येतो, कुणाला येऊ शकतो, आणि तो यायच्या आधी त्याला कसं गाठायचं, हे आम्ही बघत होतो. आम्ही म्हणजे एक खोली, रक्ताच्या नळ्यांचा एक फ्रीज, मी आणि आमच्या मॅडम. मॅडम कन्नड, म्हैसूरकडच्या, परदेशात शिकून आलेल्या. आवाज इतका हळू की रुग्णाला पुढं वाकून ऐकावं लागे. माझं काम कुटुंबाशी बोलण्याचं: आजी-आजोबांपासून कोण कशानं गेलं ते विचारायचं आणि कागदावर त्याचा वंशवृक्ष काढायचा.

आमच्याकडे सगळ्यात लहान रुग्ण यायचे ते डोळ्याच्या पडद्याच्या कॅन्सरचे. अगदी दूधपिती, रांगती मुलं. गाठ वेळेत सापडली तर ती गोठवून किंवा जाळून डोळा राखता येतो. उशीर झाला तर डोळा काढावा लागतो, नाहीतर आजार मागच्या नसेतून मेंदूत जातो. डोळा काढला तर मूल वाचतं. हे वाक्य सांगायला सोपं होतं आणि ऐकायला अशक्य. आईबाप मान हलवत, बरं म्हणत, आणि घरच्या वडीलधाऱ्यांना विचारायला म्हणून रस्ता ओलांडून बूथवर जात. तिथून पुष्कळदा परत येत नसत. संध्याकाळच्या बसनं मुलाला घेऊन गावाकडे निघून जात.

म्हणून कोण पळणार हे अक्काला आमच्या आधी कळायचं. कन्नड, मराठी, तेलुगू, दखनी हिंदी, कुठल्याही भाषेतला 'डोळा' हा शब्द केबिनमधून ऐकू आला की ती हातातलं काम ठेवून उभी राही.

विजापूरकडचं एक जोडपं होतं. त्यांची गौरी नावाची मुलगी नुकती बोलायला लागलेली. ऑपरेशनला दोघं तयार झाली, सही केली, आणि सकाळी वॉर्डात खाट रिकामी. मॅडमनी मला बस स्टॉपवर बघायला पाठवलं. मी फाटकाबाहेर आले तर तिघंही अक्काच्या बूथमध्ये. बाप दाराशी पिशवी घेऊन उभा, आई मुलीला छातीशी धरून बाकावर, आणि समोर स्टुलावर अक्का. तिनं डोळा काढून पाण्याच्या पेल्यात ठेवला होता आणि डावी पापणी मोकळी, आत गेलेली, तशीच त्या बाईकडे वळवून ती बसली होती.

"पळायचं तर पळा," ती सांगत होती. "मी काय दार धरलेलं न्हाई. पण मला नीट बघा आणि मग पळा."

ती आई अक्काकडे बघू शकत नव्हती. खाली मान घालून म्हणाली, "मुलीची जात आहे हो."

"मग माझी कुठली जात?"

"उद्या हिला कोण करून घेणार?"

अक्कानं नवऱ्याकडे हात केला. "ते बसल्यात. त्यांनाच विचारा."

दत्तूभाऊ छपरावरून नजर खाली आणत म्हणाले, "मला बाकीच्या पोरींनी दोन्ही डोळ्यांनी बघितलं, कुणी हो म्हणालं नाही. हिनं एकानंच बघितलं, म्हणून पसंत पडलो." एवढं बोलून ते पुन्हा बिलाच्या गुंडाळीकडे वळले.

बापाला थोडं हसू आलं. आईला आलं नाही. तेव्हा अक्का खाली वाकली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून हळू म्हणाली, "माझ्या भावाचा डोळा काढला न्हाई. मुलगा म्हणून जपला. अंगारा लावला, कोंबडं सोडलं. दोन्ही डोळ्यांसकट मातीत गेला तो. तुमचं काय ते तुम्ही ठरवा."

ती बाई उठली आणि नवऱ्याला न विचारता रस्ता ओलांडून इस्पितळात गेली. अक्कानं पेल्यातला डोळा पुसला, जागेवर बसवला आणि माझ्यावरच उखडली की तुम्ही लोक त्या बायांना खुर्चीवर बसवून इंग्रजी चित्रं कसली दाखवता. गौरीचं ऑपरेशन त्याच दिवशी झालं.

सगळेच काही परतले नाहीत. कुणी तिला वेडी ठरवलं, कुणी चेटकीण म्हटलं. एका बापानं तर इस्पितळाच्या कार्यालयात तक्रार केली की समोरची बाई लोकांच्या फोनमध्ये तोंड घालते. कार्यालयातून एक माणूस समज द्यायला आला. ती त्याला म्हणाली, "लाइन तोडायची तर तोडा. तोंड कसं तोडणार?" पण ज्यांनी ऐकलं नाही त्यांची मुलं तिच्या डोळ्यांसमोरून हलत नसत. असं कुणी निघून गेलं की दोन-तीन दिवस ती बूथवर गप्प बसे, आणि ती गप्प बसली की सगळ्या रस्त्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटे.

अशी ही बाई स्वतःच्या घराण्याविषयी मात्र काहीच जाणत नव्हती. भावाचा आणि आपला आजार एक, एवढं तिला माहीत होतं, पण ती त्याला देवीचा कोप समजे. एका दुपारी मॅडमनी तिला बोलावून घेतलं आणि मी तिचा वंशवृक्ष काढायला बसले. आमच्या पद्धतीत पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि ज्याला आजार आहे तो काळा भरायचा. मी तिच्या भावाचा चौकोन काळा केला, मग तिचा गोल.

"मला काळं का केलंस?"

मी कारण सांगितलं.

"मग खाली माझं नाव बी लिही. नुसतं काळं नको."

मी इंदूबाई असं लिहिलं. तिनं भावाच्या चौकोनाखालीही नाव लिहायला लावलं: बाळू. मॅडम बघत होत्या. त्या दिवसापासून आमच्या विभागातल्या प्रत्येक कागदावर प्रत्येक गोल-चौकोनाखाली नाव लिहायचं असं त्यांनी ठरवून टाकलं.

मॅडम कन्नडमधून तिला समजावत होत्या. रक्तातल्या एका जनुकात दोष आहे. तो आईबापांपैकी एकाकडून आला असणार. त्यांना स्वतःला काही झालं नाही, पण काहीजण आजारी न पडताही दोष पुढं देतात. तिला मूल झालं तर त्यात तो उतरेल की नाही हे नाणं उडवण्यासारखं आहे. आणि मोठेपणी तिला स्वतःला हाडाचा वगैरे कॅन्सर होण्याची भीती इतरांपेक्षा जास्त, तेव्हा कुठंही गाठ किंवा न जाणारी दुखणी जाणवली तर ताबडतोब यायचं. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे देवीचा कोप न्हवं?" मॅडम नाही म्हणाल्या. अक्का माझ्याकडे वळली. "मग माझ्या आईनं जन्मभर उपास कुणाचं केलं गं?"

त्या कागदावर अजून एक गोल होता. सुमन, अक्काची धाकटी बहीण. तिचे डोळे चांगले होते, पण दोष तिच्याकडेही असू शकत होता. ती चिकोडीकडे दिलेली. सासरचं किराणा दुकान होतं, फोन दुकानात, आणि फोनशेजारी गादीवर सासू. लग्न ठरवताना, अक्काचा डोळा पडून फुटला असं सांगितलं होतं, भावाचा तर विषयच काढला नव्हता. अक्कानं त्याच संध्याकाळी बहिणीला फोन लावला आणि मॅडमनी सांगितलेलं सांगायला सुरुवात केली. सुमननं "राँग नंबर" म्हणून फोन खाली ठेवला. नंतरही दर काही महिन्यांनी अक्का फोन लावत राहिली. कधी राँग नंबर, कधी "आत्ता वेळ नाही", कधी नुसताच खट्ट आवाज. दुसऱ्याच्या फोनवर एवढं बोलणारी अक्का आपला फोन बंद झाला की त्यावर एक शब्द बोलत नसे.

लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर अक्काला दिवस गेले. आता कुणी तिला अभिनंदन म्हणेना. दोष कळलेला होता. शेजारणी, दत्तूभाऊंची वहिनी, आमच्याच वॉर्डातल्या एक-दोन सिस्टर, सगळ्यांनी काळजीच्या सुरात सुचवलं की अजून वेळ गेलेली नाही, मोकळी हो. जन्माआधी तपासून सांगायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. आम्ही तिचं रक्त परदेशातल्या प्रयोगशाळेत संशोधनासाठी पाठवलं होतं, पण उत्तर कधी येईल, येईल की नाही, याचा भरवसा नव्हता. "माझं रक्त इमानात बसून गेलं, मी अजून स्टेशनपातूर न्हाई गेले," असं ती सांगत हिंडायची.

मॅडमनी तिला पुन्हा बोलावलं आणि काहीही न लपवता दोन्ही बाजू मांडल्या. मी शेजारी बसले होते. अक्का टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिली.

"माझ्यासारखी पोर होऊ नये म्हणून न्हवं हे सगळं?" ती म्हणाली. "म्हणजे मी व्हायला नको होतं. असंच म्हणायचं झालं की."

मॅडम म्हणाल्या, असं मी म्हणणार नाही. निर्णय तुझा. तू काढून टाकायचं म्हणालीस तरी मी तुझ्या बाजूनं उभी राहीन, आणि ठेवलंस तर पहिल्याच आठवड्यात बाळाचे डोळे आपण तपासून घेऊ आणि पुढं तपासत राहू.

"मला बी कुणीतरी ठेवूनच घेतलं," अक्का म्हणाली आणि उठली.

मुलगी झाली. तपासणीच्या आधीच अक्कानं तिचं नाव नेत्रा ठेवून टाकलं. बाया हबकल्या. निदान डॉक्टर काय म्हणतात ते तरी कळू दे, असलं नाव म्हणजे दैवाला डिवचणं. "एकच राहिला तरी नेत्रच की त्यो," अक्का म्हणाली.

इतक्या लहान बाळाला भूल देऊन, डोळ्यात थेंब घालून, पडद्याची कानाकोपऱ्यापर्यंत तपासणी करायची. दर काही आठवड्यांनी तेच. अक्का बाहेर बाकावर ताठ बसायची. पोथी नाही, जप नाही. दत्तूभाऊ मात्र ओठ हलवत असत. प्रत्येक वेळी डोळ्यांचे डॉक्टर बाहेर येऊन सांगत की काही नाही, दोन्ही डोळे नितळ आहेत. नेत्रा धावायला लागली त्या सुमाराला परदेशातून उत्तर आलं: अक्काच्या रक्तातला दोष नेमका सापडला होता आणि मागाहून पाठवलेल्या नेत्राच्या रक्तात तो नव्हता. मी धावत रस्ता ओलांडून बूथवर गेले आणि तिला आता पेढे वाटा म्हटलं.

अक्का मुलीची वेणी घालत होती. "झाली तवाच वाटलं पेढं," ती म्हणाली. "डोळं नितळ निघालं म्हणून परत वाटले, तर नसतं निघालं तर काय वाटायचं होतं?" मग वेणी तशीच अर्धी ठेवून तिनं फोन ओढला आणि चिकोडीचा नंबर फिरवला. दोष नेमका कळल्यामुळं आता सुमनला एका रक्ताच्या नळीत उत्तर मिळणार होतं. सुमनला तोवर एक मुलगी होती. पलीकडून सासूचा आवाज आला. तिनं कोण म्हणून विचारल्यावर अक्कानं नाव सांगितलं आणि बहिणीला द्या म्हणाली. सुमन आली. तिचा आवाज इतका बारीक होता की मला ऐकू आला नाही. अक्कानं रिसीव्हर ठेवला. "म्हणाली, अक्का, मला जगू दे."

नेत्रा शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा अक्काची मांडी दुखायला लागली. तिनं तेल चोळत वेळ काढला नाही. दुसऱ्याच दिवशी मॅडमसमोर येऊन बसली आणि म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता त्ये आलं वाटतं." हाडात गाठ होती. पाय मांडीपासून काढावा लागेल, हे सांगताना मॅडमचा हळू आवाज आणखी हळू झाला. अक्कानं त्यांना थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं. "डोळा काढला तवा मी ल्हान होते, मला कुणी इचारलं न्हाई," ती म्हणाली. "आता इचारलं. एवढं बरं केलंत. बरं, काढा."

ऑपरेशननंतर कडक औषधं सुरू झाली. केस गेले. तिला कुणीतरी डोक्याला बांधायला रुमाल आणून दिला, तो तिनं नेत्राच्या बाहुलीला नेसवला. दत्तूभाऊंच्या कुबडीशेजारी आता तिच्या कुबड्या भिंतीला लागल्या. गिऱ्हाइकं कळवळून बोलायला लागली की ती म्हणे, "आमच्यात आता भांडण झालं तर कोणच घर सोडून जाऊ शकत न्हाई, हे काय वाईट?" त्या वर्षभरातही तिनं काही आयांना रस्त्याच्या पलीकडे परत पाठवलं. आता तिला दाखवायला बरंच होतं, असं ती म्हणायची. आणि हे बोलताना ती हसत नसे.

मग खोकला सुरू झाला. फुप्फुसात गेलं होतं. एका दुपारी मी वॉर्डात तिच्या खाटेपाशी बसले होते. सुमनला मुलगा झाल्याचं तिला कुठून तरी कळलं होतं. मी म्हटलं, चिकोडीला मी स्वतः जाते, तिच्या घरच्यांना समजावते. अक्कानं माझं मनगट धरलं. पकडीत जोर राहिला नव्हता, पण धरण्यात होता.

"न्हाई जायचं. माझं मी जगाला वरडून सांगितलं, त्ये माझं होतं. तिचं तिनं सांगायचं. तू सांगितलंस तर ती आणि भिईल." थोडा वेळ थांबून तिनं श्वास गोळा केला. "पोराचं डोळं बघा म्हणावं. एवढं मात्र तिच्या कानावर पडू दे. बाकी न्हाई."

मी त्या आठवड्यात फोन केला. सुमनच होती. अक्काची तब्येत सांगितली आणि तो निरोप सांगितला. या वेळी फोन लगेच खाली ठेवला गेला नाही. पलीकडून दुकानातल्या तराजूचे, गिऱ्हाइकांचे आवाज येत राहिले आणि मग लाइन बंद झाली. ती बहिणीला बघायला येऊ शकली नाही. दोन-चार दिवसांतच एका सकाळी अक्का गेली, दत्तूभाऊ शेजारी असताना. मॅडम खोलीबाहेर भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना मी रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बाराव्याला बनशंकरीच्या त्यांच्या दोन खोल्यांत गावाकडची मंडळी दाटली होती. सुमन आली होती, दोन्ही मुलं घेऊन, आणि बरोबर सासू, जाडजूड, कपाळभर कुंकू, कुणाशी फारसं न बोलणारी. मॅडम आणि मी दाराजवळ बसलो होतो. पंगत अर्धी झाली असेल. अक्काचे एक चुलते दत्तूभाऊंना समजावू लागले की नेत्रा मुलगी आहे, उद्या तिचं लग्न आहे, तेव्हा कुणी विचारलं तर पडून पाय मोडला आणि त्यातच गेली असं सांगत जा. ते गाठ-बिठ, रक्त-बिक्त काही नको. आधीचा डोळाही पडूनच गेलेला आहे, सगळ्यांना तेच माहीत आहे.

सुमन भात वाढत होती. ती तिथंच थांबली.

"पडून न्हाई गेला," ती म्हणाली.

चुलत्यांनी तिला डोळ्यांनी दटावलं. तिनं भाताचं पातेलं खाली ठेवलं. "अक्काला कॅन्सर होता. बाळूदादाला बी त्योच होता. ते आमच्या रक्तातनं येतंय. माझ्यात बी असंल. माझ्या पोरांत बी असंल. लगीन करताना आम्ही तुम्हास्नी खोटं सांगितलं, आत्ती." हे शेवटचं ती थेट सासूकडे वळून म्हणाली. "उद्या मी पोरांचं डोळं दाखवायला जाणार. मग तुम्ही मला घरात घ्या न्हाईतर नका घेऊ."

सासूनं हातातला घास पानात ठेवला, उठली, मोरीवर जाऊन हात धुतले आणि बाहेर अंगणात जाऊन बसली. सुमन पुन्हा भात वाढायला लागली. संध्याकाळपर्यंत दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत असं दत्तूभाऊंनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विभागाचं दार उघडायला गेले तर बाकावर सासू आधीच बसली होती, मांडीवर नातू, शेजारी नात. सुमन भिंतीशी उभी. तपासणीला दुपार झाली. मुलीचे डोळे स्वच्छ होते. मुलाच्या उजव्या डोळ्यात, पडद्याच्या अगदी कडेला, लहानशी गाठ होती. नजरेच्या मुख्य जागेपासून दूर. अंधारात डोळा चमकायला तिला अजून पुष्कळ मोठं व्हावं लागलं असतं. ती गोठवून घालवता येईल, डोळा राहील, आणि पुढची काही वर्षं तपासणीला येत राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तसंच झालं. तो डोळा आजही त्याच्याजवळ आहे.

पण त्या दुपारी हे सगळं समजावून झाल्यावर सासू उठून मॅडमच्या टेबलापाशी गेली आणि विचारू लागली की तिच्या लेकीची मुलं कोल्हापूरला असतात, त्यांनाही घेऊन येऊ का. मी मॅडमना भाषांतर करून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, त्यांची गरज नाही, हा आजार सुमनच्या माहेरच्या रक्तातला आहे. सासूला ते पटलं नाही. "नसंना का," ती म्हणाली. "लेकरंच हाईत की. बघायला काय जातंय? आणि हिच्या माहेरची बाकी पोरं कुठं हाईत? त्यांस्नी कोण आणणार हाय? काल एवढी माणसं जेवून गेली, एकानं तरी पोराचा डोळा दाखवला का? थांबा, मीच बघते त्यांच्याकडं." आणि पदर खोचून ती फाटकाकडे निघाली. बनशंकरीत अजून मुक्कामाला असलेल्या पाहुण्यांना ती मुलांसकट घेऊन येणार होती.

सुमन दारातून तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होती.

"ह्या बाईला भिऊन मी अक्काचा फोन ठेवत होते," ती म्हणाली, आणि मुलाला छातीशी धरून बाकावर बसली. काल घरात इतकी माणसं रडली होती, पण मी तिला रडताना पाहिलं ते तेव्हा.